गादी खराब होईल म्हणून

आमच्या ताईच्या मुलाला पुण्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. जेईईचे गुण बरे आले, बाहेरच्या राज्यातल्या मुलांच्या जागांतून नंबर लागला, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आठवडाभर दुसरा विषय नाही. गादी इथून न्यायची की तिथे घ्यायची, मेसचं जेवण कसं असेल, कपडे कोण धुणार. एका रविवारी जेवणं आटोपल्यावर ताईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "तू त्याच्याशी जरा बोल. तिथे सगळं कसं उघड्यावर मिळतं, तुला माहितीये ना."

"सगळं" म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही. आपल्याकडे तो शब्द सहसा उच्चारलाच जात नाही. तीन-चार पिढ्या बडोद्यात काढलेल्या आमच्यासारख्या घरात दारू म्हणजे "ते" आणि पिणारा म्हणजे "तसला". नात्यातल्या एका काकांकडे सरकारी हेल्थ परमिट होतं, त्यांचा विषय निघाला की "त्यांना डॉक्टरांनीच सांगितलंय" एवढ्यावर तो मिटायचा. गंमत म्हणजे दारूबंदीचा मूळ कायदा दोन्ही राज्यांचा एकच आहे, १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा. १९६० साली राज्यं वेगळी झाली, तो दोघांच्या वाट्याला आला. आपल्याकडे पिणं हाच गुन्हा राहिला, महाराष्ट्रात परवाना काढून प्यायची सोय झाली. तिथेही कडक दारूच्या परवान्याला वयाची पंचवीस वर्षं पूर्ण लागतात. बीई होऊन बाहेर पडणाऱ्या मुलाचं वय साधारण बावीस असतं. म्हणजे कागदावर पाहिलं तर पुण्यातल्या कुठल्याच कॉलेजात व्हिस्कीचा थेंब असता कामा नये. असो.

मी ताईला म्हटलं, बोलतो. पण काय बोलायचं याचा विचार करायला लागलो आणि अडलो. "पिऊ नकोस" हे मलाही २००६ साली हॉस्टेलवर जाताना सांगितलं होतं. देवासमोर उभं करून. ते वाक्य अगदीच वाया गेलं असं नाही म्हणणार मी. पण ज्या एका रात्री मला घरच्यांची खरी गरज होती, त्या रात्री तेच वाक्य आडवं आलं.

माझं कॉलेज गुजरातमध्येच, बडोद्यापासून बऱ्यापैकी लांब. नाव कशाला घ्या. "ड्राय स्टेटमध्ये शिकलास म्हणजे वाचलास" असं मला पुण्या-बंगळुरूचे ऑफिसातले मित्र म्हणतात तेव्हा मी नुसता हसतो. बाटली मिळायची. दमणहून कुणी आणायचं, उदयपूरला लग्नाला गेलेला कुणी आणायचा, नाहीतर गावातला बुटलेगर होताच, फोन केला की स्कूटरच्या डिकीतून माल हजर. फरक एवढाच की बाटली जवळ असणं हाच गुन्हा. त्यामुळे एकदा उघडली की ती त्याच रात्री, त्याच तासात संपवायची. उरवून ठेवायची कुठे? कपाटात ठेवली आणि रेक्टरनं तपासणी घेतली तर? बाटली रिकामी करायची, फोडायची आणि मागच्या शेतात टाकून यायची. पुरावा नष्ट. आम्ही पीत नव्हतो, आम्ही पुरावा संपवत होतो. सावकाश गप्पा मारत एखादा पेला घेणं हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नव्हतं. घरी पाहायचा प्रश्न नाही आणि बाहेर तसं बसायची जागा नाही. दारू म्हणजे दार लावून, टीव्हीचा आवाज वाढवून, घाईघाईनं घशाखाली उतरवायची वस्तू, हेच आमचं शिक्षण.

पुण्यातली घाई वेगळ्या कारणाची, पण घाईच. हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं, म्हणून साडेआठ ते साडेनऊमध्ये सगळं उरकायचं. बारमधली परवडत नाही, म्हणून आधी कुणाच्या तरी फ्लॅटवर क्वार्टर संपवून मग बारमध्ये जायचं. फ्रेशर्स पार्टी, फेस्ट संपल्याची पार्टी, प्लेसमेंटची पार्टी, ब्रेकअपची पार्टी. न पिणाऱ्यालाही कॉन्ट्री सारखीच द्यावी लागते, बदल्यात त्याला चखणा मिळतो आणि शेवटी सगळ्यांना घरी पोचवायचं काम. मी पहिली दोन वर्षं तोच होतो. सिंग-चवाणू खाऊन माझं वजन सहा किलो वाढलं.

२००८च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो. माझा रूम-पार्टनर उत्तर गुजरातमधला, वडील शाळेत मास्तर, घरात कांदा-लसूणही नाही. अंगानं किरकोळ, पंचावन्न किलो असेल नसेल. तोपर्यंत त्यानं थेंबाला स्पर्श केला नव्हता. त्या रात्री कुणीतरी पैज लावली. दीड क्वार्टर, नीट, वीस मिनिटांत. कुणी जबरदस्ती केली नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे आम्ही सगळ्यांनी एकमेकांना हेच ऐकवलं. पण बारा-तेरा मुलं गोल करून टाळ्या वाजवत असताना नाही म्हणायला जी ताकद लागते ती एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाकडे कुठून येणार? मीही टाळ्या वाजवत होतो. माझ्या हातात चवाणूची पिशवी होती, म्हणून एका हातानं मांडीवर वाजवत होतो, एवढंच.

त्यानं पैज जिंकली. अर्धा तास भरपूर बडबडला, आईची आठवण काढून रडला, मग खोलीत येऊन आडवा झाला. आम्ही हाक मारली, त्यानं "हं" केलं. सगळ्यांनी तेच म्हटलं जे अशा वेळी प्रत्येक हॉस्टेलमध्ये म्हणतात: "सूवा दे ने, सवारे ठीक थई जशे." झोपू दे, सकाळी ठीक होईल.

खोलीत गाद्या कमी होत्या. तो माझ्या गादीवर पडला होता. ती गादी आईनं रावपुऱ्यातून नवी भरून दिली होती. साडेबाराच्या सुमाराला तो उताणाच ओकायला लागला, डोळे मिटलेले, आणि माझ्या मनात आलं की आता ही गादी गेली. म्हणून मी त्याला दोन्ही हातांनी ढकलून कुशीवर केलं, तोंड गादीच्या बाहेर येईल असं, आणि पुन्हा उलटा फिरू नये म्हणून पाठीमागे माझी सॅक लावली. बादली खाली ठेवली. मग चादर पुसत बसलो. वैतागलो होतो.

दीडच्या सुमाराला त्याचं घोरणं मला विचित्र वाटायला लागलं. घोरणं नव्हतंच ते. पाण्यातून हवा गेल्यासारखा आवाज, मग थांबायचं, मग पुन्हा. हाक मारली, हलवलं, गालावर चापट्या मारल्या. काही नाही. हात गार. ओठांचा रंग ट्यूबलाइटमध्ये नीट कळेना. मी बाकीच्यांना उठवलं, आणि तिथून पुढची चाळीस मिनिटं मला आजही आठवायला आवडत नाहीत. कारण त्या चाळीस मिनिटांत आम्ही पाच जण त्याच्या भोवती बसून त्याच्याविषयी बोलतच नव्हतो. रेक्टरला कळलं तर काढून टाकतील. पोलीस केस झाली तर पासपोर्टला अडचण. त्याच्या वडिलांना काय सांगायचं? एकानं लिंबू आणलं. एक म्हणाला, थंड पाण्याखाली धरू. १०८ची सेवा आपल्याकडे वर्षभरापूर्वीच सुरू झाली होती, नंबर सगळ्यांना पाठ होता. फोन कुणी केला नाही. अॅम्ब्युलन्स आली तर सायरन वाजेल, अख्खं हॉस्टेल जागं होईल, असं आमचं तर्कशास्त्र.

माझ्या हातात मोबाइल होता. मला घरी फोन करावासा वाटला. आमचे एक शेजारी डॉक्टर आहेत, बाबांनी त्यांना पाच मिनिटांत उठवलं असतं. पण फोन करायचा म्हणजे पहिलं वाक्य काय म्हणायचं? "बाबा, आम्ही..." तिथेच अडकलो. देवासमोर घेतलेली शपथ मी मोडलेली नव्हती, तरी अडकलो.

शेवटी वॉचमन काका आले, दिवा का चालू आहे म्हणून बघायला. त्यांनी दारातूनच खोलीभर एक नजर टाकली, वास घेतला. आम्ही काहीतरी पोलिसांचं बोलायला लागलो तर म्हणाले, "पोलीस पछी. पहेलां दवाखानुं." आणि स्वतः जाऊन चौकातला रिक्षावाला उठवून आणला.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी किती प्यायला, कुठून आणली, काहीही आधी विचारलं नाही. शेवटचं कधी बोलला, ते विचारलं. साखर तपासली, खूप खाली गेली होती. सलाइन, ऑक्सिजन. तास-दीड तासानं बाहेर आले आणि म्हणाले, "आने पडखे कोणे सुवडाव्यो हतो?" याला कुशीवर कुणी झोपवलं होतं? मी हात वर केला. "सारुं कर्युं," ते म्हणाले. उताणा राहिला असता तर उलटी श्वासनलिकेत गेली असती, आणि तुम्ही त्याला झोपलेला समजून सकाळपर्यंत शेजारी झोपला असता.

गादीचं मी त्यांना सांगितलं नाही.

दुपारी त्याचे वडील एसटीनं आले. आम्ही सांगितलं, पाणीपुरी बाधली. त्यांनी माझा हात हातात घेतला, म्हणाले, तू होतास म्हणून. आणि पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्याच्या आईनं घाईघाईत केलेली सुखडी. मी ती खाल्ली. तो माणूस आजही मला दिवाळीला फोन करतो. माझ्या मित्राला मात्र घरी पुढची कित्येक वर्षं पाणीपुरी बंद होती. त्याच्या स्वतःच्या लग्नात पाणीपुरीचा स्टॉल होता, तर आईनं त्याला तिथून हाताला धरून बाजूला नेलं. हे सगळं लिहायची परवानगी मी त्याच्याकडून घेतली आहे. म्हणाला, "लख, पण मम्मी मराठी न शीखी जाय ए जोजे."

आता थोडा हिशोब, कारण मी इंजिनिअर आहे आणि हा हिशोब मला तेव्हा कुणी करून दाखवला असता तर बरं झालं असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे शुद्ध अल्कोहोल ७७ मिली, वजनात जवळपास ६१ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं आणि त्याचा वेग वाढवता येत नाही. लिंबू, कॉफी, गार पाणी, दही, कशानंही नाही. ती एकच खिडकी उघडी असलेली बँक आहे, बाहेर कितीही गर्दी करा, आतला कारकून आपल्याच गतीनं काम करणार. एका क्वार्टरला सहा ते नऊ तास. माझ्या मित्राच्या पोटात गेली होती दीड, म्हणजे ९१ ग्रॅम, वीस मिनिटांत. विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाचं जुनं सूत्र आहे, त्यात त्याचं वजन घालून पाहिलं तर १०० मिली रक्तात २४० मिलिग्रॅमच्या आसपास आकडा येतो. गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ३० आहे.

"आपण तर फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी: स्ट्राँग बिअर ८ टक्क्यांपर्यंत असते. ६५० मिलीच्या बाटलीत ४१ ग्रॅम. दोन बाटल्या म्हणजे एका क्वार्टरहून जास्त. हा गुणाकार मी ऑफिसात फळ्यावर करून दाखवला तेव्हा दोन सिनियर मॅनेजर गप्प झाले होते.

आणि "झोपू दे" यातली चूक इथेच आहे. माणूस झोपला म्हणजे चढणं थांबलं असं आपण धरून चालतो. पण पोटातलं सगळं अजून रक्तात उतरलेलं नसतं. शेवटच्या घोटानंतरही अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त, रक्तातलं प्रमाण वाढतच असतं. तो बडबडत होता तेव्हा बरा होता, शांत झाला तेव्हा बिघडत होता. आम्हाला उलट वाटलं. त्यात खोकला आणि ठसका या आपोआप होणाऱ्या गोष्टी मंदावतात, त्यामुळे उलटी घशात अडकली तरी शरीर ती झटकून टाकत नाही. म्हणून कुशीवर, वरचा गुडघा दुमडलेला, तोंड किंचित खाली, पाठीला सॅक. आणि कुणीतरी जागं, शेजारी, श्वास मोजत. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड, किंवा चिमटा काढूनही हूं की चूं नाही, किंवा ओठ-नखं निळसर, अंग गार पडलेलं. यातलं एक जरी दिसलं तरी १०८ नाहीतर ११२. सगळी दिसायची वाट बघत बसायचं नाही. आम्हाला बहुधा तीन दिसत होती आणि आम्ही लिंबू कापत होतो.

आपल्या गुजरातमध्ये आणखी एक धोका असतो. २००९च्या जुलैत अहमदाबादेत विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली. आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. पंधरा दिवस हॉस्टेलमध्ये शुकशुकाट, मग पुन्हा डिकीतला माल सुरू. मिथेनॉलचा त्रास बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सुरू होतो, डोळ्यांसमोर अंधुक होतं, आणि तोपर्यंत माणूस त्याला हँगओव्हर समजतो.

सिनियरनं पाजलं तर तो मात्र वेगळा मामला. त्याच वर्षी मार्चमध्ये हिमाचलमधल्या कांगडा इथे मेडिकलला असलेला अमन काचरू दारू प्यालेल्या सिनियर्सच्या मारहाणीत गेला, आणि त्यानंतर यूजीसीचे रॅगिंगविरोधी नियम कडक झाले. १८००-१८०-५५२२ हा देशभरचा नंबर चोवीस तास चालतो. भाच्याच्या मोबाइलमध्ये तो मी माझ्या हातानं सेव्ह केला.

भाच्याशी बोललो ते गच्चीवर. त्याला वरची सगळी गोष्ट सांगितली, गादीसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं अपेक्षित प्रश्न विचारला, "मामा, तू पितोस?"

"कधीतरी. ऑफिसच्या ट्रिपला, बाहेरगावी." हे मी आजवर घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. हा अंक आई वाचते, म्हणजे आता तिलाही कळेल.

मग आम्ही एक करार केला. तू असशील, तुझा मित्र असेल, ज्याच्याशी तुझं भांडण आहे तो असेल, असं काही दिसलं की आधी १०८ आणि लगेच मला फोन. रात्री अडीचला असला तरी. पहिलं वाक्य काय म्हणायचं याचा विचार करायचा नाही, नुसतं "मामा" म्हण, पुढचं मी बघतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी एकही प्रश्न विचारणार नाही. त्यानंतर विचारेन, आणि तेव्हा खरं सांगायचं.

खाली आल्यावर ताईला हे सांगितलं तर ती भडकलीच. "म्हणजे तू त्याला परवानगीच देऊन टाकलीस. आधी पी, मग मामाला फोन कर." मी म्हटलं, परवानगी नाही, मी त्याला पिऊ नकोस असंही सांगितलंय, का ते आकड्यांनिशी सांगितलंय. "मग फोनचं कशाला सांगायचं?" तिचं म्हणणं मला पूर्णपणे खोडता आलं नाही, खरं सांगतो. दार उघडं ठेवलं की पोरं बाहेर जातात, ही भीती आईला असणारच. मी तिला एवढंच विचारलं, की त्या रात्री मी बाबांना फोन केला असता तर बाबांनी आधी काय केलं असतं? ती म्हणाली, आधी ओरडले असते. मग म्हणाली, नाही, आधी डॉक्टरकाकांचं दार वाजवलं असतं. मग ओरडले असते.

मग ती पोळ्यांचा डबा झाकून ठेवत बसली. दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाच्याची बॅग भरताना, त्याच्याकडे न बघता, मला विचारलं, "कुशीवर म्हणजे डाव्या की उजव्या?"

"जमल्यास डाव्या," मी म्हटलं.

गादी इथूनच जाणार आहे. रावपुऱ्यात भरायला टाकली आहे.